समभागांत दीर्घकालीन आणि जबाबदार गुंतवणूक: निवड, मतदान आणि अहवालवाचन कसे करावे?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आम्हा दोघांची समभागांतील सगळी बचत आतापर्यंत निफ्टी ५० या निर्देशांकातील कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसा ठेवणाऱ्या इंडेक्स फंडात दरमहा एसआयपीने, म्हणजे ठरावीक हप्त्याने, जात आली आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे, त्यामुळे हा पैसा मध्येच काढावा लागेल असे वाटत नाही. सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्याकडचे काही कंपन्यांचे समभाग वारसाहक्काने माझ्या यजमानांच्या डीमॅट खात्यात आले आणि त्या निमित्ताने आम्ही दोघे प्रथमच कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून वाचू लागलो आहोत.

हे समभाग विकून टाकण्याऐवजी ते ठेवावेत, त्यांत समजून-उमजून भर घालावी आणि सोबत एखादा सक्रिय व्यवस्थापनाचा, म्हणजे व्यवस्थापक स्वतः कंपन्या निवडतो असा, फंड घ्यावा, असा विचार चालू आहे. अट एकच आहे. आमच्या पैशावर जी कंपनी वाढेल ती कामगारांच्या जिवावर, नदीत सांडपाणी सोडून किंवा लहान भागधारकांना फसवून वाढलेली नसावी. ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनी प्रशासन) नावाचे फंड या अटीत खरोखर बसतात का, की तो केवळ विक्रीसाठी लावलेला शिक्का आहे? अशी अट घातल्याने वीस वर्षांच्या परताव्यात काही सोडून द्यावे लागते का? आणि डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅट खात्यांतील समभागांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, ई-व्होटिंगच्या ज्या सूचना ई-मेलवर येतात, त्यांना आमच्यासारख्या पन्नास-शंभर समभाग असणाऱ्यांनी उत्तर देण्यात काही अर्थ आहे का? कोणता शेअर घ्यावा हे मला विचारायचे नाही. विचार कसा करावा, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

सभावृत्त

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात असे माझे मत आहे. पुण्यातील एका सूचीबद्ध कंपनीत मी अनेक वर्षे कंपनी सचिव होतो. सभेची सूचना पाठवणे, मतदानाचा निकाल शेअर बाजाराला कळवणे आणि इतिवृत्त लिहिणे हेच माझे काम होते.

मताला किंमत असते का, याचे अलीकडचे बोलके उदाहरण नेस्ले इंडियाचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये या कंपनीच्या संचालक मंडळाने स्वित्झर्लंडमधील मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी (ब्रँड आणि तंत्रज्ञान वापरण्याचा मोबदला) निव्वळ विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून दरवर्षी ०.१५ टक्क्याने वाढवत पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. पाऊण टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण कंपनीची वार्षिक विक्री तेव्हा १९ हजार कोटी रुपयांच्या आसपास होती, म्हणजे त्या विक्रीवर पाऊण टक्का धरला तरी वर्षाला सुमारे १४० कोटी रुपये होतात. ही रक्कम रॉयल्टी म्हणून गेली तर ती एकट्या मूळ कंपनीला मिळते, आणि नफ्यात राहिली तर तिच्यावर सगळ्या भागधारकांचा हक्क राहतो. मूळ कंपनीकडे ६२ टक्क्यांहून अधिक समभाग आहेत, तेव्हा ठराव सहज मंजूर होणार असे कोणालाही वाटले असते. मात्र सेबी या बाजार नियामकाच्या नियमावलीनुसार संबंधित पक्षाशी, म्हणजे मूळ कंपनीसारख्या जवळच्या हितसंबंधियाशी, होणाऱ्या मोठ्या व्यवहाराच्या ठरावावर त्या पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. त्यामुळे निर्णय उरलेल्या भागधारकांकडे आला आणि मे महिन्यातील निकालात ५७ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. पुढे कंपनीने ४.५ टक्क्यांचा जुनाच दर चालू ठेवण्याचा ठराव मांडला आणि भागधारकांनी तो मंजूर केला.

त्याआधी २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचे विशेष ठराव नामंजूर केले होते. विशेष ठरावाला झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के मते लागतात आणि तेवढी मिळाली नाहीत. काही महिन्यांनी ठराव पुन्हा मांडले गेले तेव्हा ते मंजूर झाले. माझ्या दृष्टीने यातही मतदानाचे यश आहे, कारण एकदा नकार मिळाला की दुसऱ्या वेळी व्यवस्थापनाला भागधारकांना कारणे समजावून सांगावीच लागतात.

आता हे खरे की अशा निकालांत वजन पडते ते म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि परदेशी संस्था यांच्या मतांचे. आपल्या शंभर समभागांनी पारडे फिरणार नाही. पण आपला पैसा फंडात असेल तर त्या संस्थेच्या मतात आपलेही मत असते, आणि ते मत आपल्याला तपासता येते. सेबीने १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना त्यांच्याकडील कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मतदान करणे बंधनकारक केले आहे. काही महत्त्वाच्या ठरावांसाठी ही सक्ती त्याआधी एक वर्ष सुरू झाली होती. प्रत्येक फंड घराण्याला कोणत्या ठरावावर काय मत दिले आणि का दिले, हे दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. त्या तक्त्यात सभेची तारीख, कंपनीचे नाव, ठरावाचा विषय, व्यवस्थापनाची शिफारस, फंडाचे मत आणि शेवटी कारण, असे रकाने असतात. आपण हा शेवटचा रकाना वाचावा. ज्या फंडाच्या तक्त्यात पानोपानी 'ठराव कायद्याला धरून आहे' एवढेच एक वाक्य असते, त्याने ठराव मनापासून वाचला असे मानायला मी तयार नाही. याउलट स्वतंत्र संचालकाच्या फेरनियुक्तीला विरोध करताना जो फंड त्याची सभांमधील अपुरी हजेरी किंवा त्याचे प्रवर्तकांशी, म्हणजे कंपनी उभारून तिचा ताबा राखणाऱ्यांशी, असलेले जुने व्यावसायिक संबंध नोंदवतो, त्याच्याकडे पैसा देताना माझा हात आखडत नाही.

शिक्क्याबद्दल एकच आठवण करून देतो. सत्यम या माहिती तंत्रज्ञान कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी प्रशासनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षी १६ डिसेंबरला तिच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घेण्याला मान्यता दिली. गुंतवणूकदार संस्थांनी एवढा गहजब केला की काही तासांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. पुरस्कार देणाऱ्यांना जे दिसले नाही ते त्या व्यवहाराची घोषणा नीट वाचणाऱ्यांना तीन आठवडे आधी खटकले होते.

चक्रवाढ

सभावृत्त यांचा प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे आणि त्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. परंतु दीर्घकालीन वाढीचा विषय निघाला आहे तर खर्चाचा हिशेब आधी मांडायला हवा.

केवळ गणितासाठी धरून चालू की बाजाराने पंचवीस वर्षे सरासरी १२ टक्के परतावा दिला. एक लाख रुपयांचे त्या दराने १७ लाख होतात. फंडाच्या जादा खर्चामुळे तोच दर ११ टक्क्यांवर आला तर १३ लाख ६० हजारांच्या आसपास होतात. एका टक्क्याची किंमत तीन लाख चाळीस हजार रुपये, म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या तिपटीहून अधिक. सक्रिय फंड घेताना व्यवस्थापकाने दरवर्षी किमान एवढे जादा कमावून दिले पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. सक्रिय फंडांची निर्देशांकाशी तुलना करणाऱ्या एस अँड पीच्या स्पिवा अहवालांत पुन्हा पुन्हा दिसते की दहा वर्षांसारख्या लांब कालावधीत भारतातील बहुसंख्य लार्ज कॅप फंड निर्देशांकाच्या मागेच राहतात. याचे कारणही उघड आहे. सेबीच्या वर्गीकरणानुसार लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसा बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावा लागतो, तेव्हा निर्देशांकापेक्षा फार वेगळे काही करायला त्याला जागाच कमी उरते. शिवाय फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना आपली तुलना लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशी करावी लागते, त्यामुळे पूर्वी जी आघाडी दिसायची तिचा काही भाग हिशेबाच्या पद्धतीचाच होता हेही लक्षात आले.

माझा मुद्दा असा की इंडेक्स फंड ठेवूनही जबाबदार भागधारक होता येते. नॉर्वेच्या तेलाच्या पैशातून उभा राहिलेला सरकारी निवृत्तिवेतन निधी पाहा. जगातील सूचीबद्ध समभागांपैकी साधारण दीड टक्का या एका निधीकडे आहे आणि त्याची गुंतवणूक बरीचशी निर्देशांकाला धरूनच चालते. तरीही तो हजारो कंपन्यांच्या सभांत मतदान करतो आणि २०२१ पासून आपण काय मत देणार आहोत हे सभेच्या पाच दिवस आधीच जाहीर करतो. आपल्याकडेही मतदानाची सक्ती इंडेक्स फंडांना लागू आहेच. म्हणून वारणाकाठ यांनी एसआयपी मोडू नये, तिच्या फंड घराण्याचा मतदानाचा तक्ता मागवावा, आणि स्वतः निवडलेल्या कंपन्यांत एकूण समभाग गुंतवणुकीचा लहानसा हिस्साच ठेवावा, असे मी सुचवेन.

ईएसजी फंडांविषयी थोडेसे. जुलै २०२३ मध्ये सेबीने अशा योजनांसाठी सहा वेगवेगळ्या पद्धती ठरवून दिल्या. काही उद्योग वगळणे, क्षेत्रातील उत्तम कंपन्या निवडणे, सुधारणेच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांत पैसा ठेवणे, या त्यांतल्या काही. योजनेचा किमान ८० टक्के पैसा जाहीर केलेल्या पद्धतीनुसारच गुंतवावा लागतो, आणि एखाद्या ठरावावर मत देताना पर्यावरण, समाज किंवा प्रशासन यांपैकी कशाचा विचार झाला हेही सांगावे लागते. नियम चांगले आहेत. तरीही योजनेतील कंपन्यांची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेक ईएसजी योजनांत बँका आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असतो. बँकेच्या इमारतीतून धूर निघत नाही हे खरे, पण तिच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या कारखान्यातून निघतो, आणि त्याची मोजदाद अजून पुरेशी होत नाही.

ओतकाम

ताई, तुमची कामगारांविषयीची अट वाचून लिहावेसे वाटले. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी आम्ही कास्टिंग पुरवतो. आमचा माल ज्यांच्याकडे जातो त्यांपैकी काही कंपन्या शेअर बाजारात आहेत, आणि त्यांचे वार्षिक अहवाल मी गुंतवणूकदार म्हणून वाचायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून पुरवठादार म्हणून वाचत आलो आहे.

मी सर्वांत आधी व्यापारी देण्यांची, म्हणजे कंपनीने पुरवठादारांना द्यायच्या रकमांची, टीप उघडतो. ताळेबंदात सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेगळे दाखवावे लागते. २०२१-२२ पासून हे देणे किती जुने आहे याचा तक्ताही द्यावा लागतो, त्यात एक वर्षाच्या आतले, एक ते दोन वर्षांचे, दोन ते तीन वर्षांचे आणि त्याहून जुने असे रकाने असतात. कायद्याने आमच्यासारख्यांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवले पाहिजे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज दिले पाहिजे. प्रत्यक्षात ते व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या ऑर्डरीला मुकतो, म्हणून कोणी मागत नाही.

गुंतवणूकदाराने याकडे का बघावे, हे सांगतो. एका खरेदीदार कंपनीने एका वर्षी कामकाजातून आलेली रोख रक्कम भरघोस वाढल्याचे जाहीर केले. निकालानंतर सगळीकडे तिचे कौतुक झाले. त्या काळात आमची बिले आधी दोन महिन्यांनी सुटत होती ती चार महिन्यांनी सुटू लागली होती, आणि भट्टीचे वीजबिल भरायला आम्ही बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा पूर्ण वापरत होतो. कंपनीच्या हातात आलेली ती रोख रक्कम तिने कमावलेली नव्हती, आमच्याकडून बिनव्याजी उसनी घेतलेली होती. पुढच्या दोन वर्षांत चांगले पुरवठादार तिला सोडून गेले, उरलेल्यांनी दर वाढवले, मालाच्या तक्रारी वाढल्या आणि नफ्याचे प्रमाण घसरले. हे सगळे भाव पडण्याच्या खूप आधी व्यापारी देणी आणि खरेदी यांच्या गुणोत्तरात दिसत होते. व्यापारी देणी भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५, एवढा साधा हिशेब आहे. तो पाच वर्षांचा मांडा. हा आकडा दरवर्षी वाढत असेल आणि कंपनी त्याला कार्यक्षमता म्हणत असेल तर सावध व्हा.

आता व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा बीआरएसआर नावाचा अहवाल पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला आहे. त्याची नऊ तत्त्वे आहेत आणि बराचसा मजकूर एकमेकांची नक्कल केल्यासारखा असतो, पण तिसऱ्या तत्त्वाखालील सुरक्षिततेचा तक्ता मात्र जरूर वाचा. दर दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचा वेळ वाया जाईल अशा किती दुखापती झाल्या, किती मृत्यू झाले, हे कर्मचारी आणि कामगार असे वेगवेगळे द्यावे लागते. मी आधीच्या वर्षाचा रकाना शेजारी ठेवून बघतो. कायम कर्मचाऱ्यांत एकही अपघात नाही आणि कंत्राटी कामगारांची संख्या दुप्पट झाली आहे, असे दिसले तर धोका कमी झालेला नसतो, तो कंत्राटदाराच्या माणसांकडे सरकवलेला असतो. प्रेसवर किंवा भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचा हात जाणे म्हणजे काय असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या कंपनीच्या अहवालात झालेला अपघात, त्याचे कारण आणि नंतर केलेला बदल स्पष्ट लिहिलेला असतो, तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. दर वर्षी शून्य लिहिणाऱ्या कंपनीबद्दल मी चौकशी करतो.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. व्यापारी देण्यांच्या टिपेकडे या दृष्टीने बघता येते, हे मला ठाऊकच नव्हते. काल रात्री आम्ही दोघांनी आमच्याकडील एका कंपनीचा पाच वर्षांचा हिशेब वहीत मांडला आणि त्या निमित्ताने तिच्या व्यवसायाविषयी बरेच कळले.

दोन गोष्टी अजून अडतात. सासऱ्यांच्या समभागांत सिगारेट बनवणाऱ्या एका कंपनीचेही समभाग आहेत, आणि त्यांचा लाभांश नियमित येतो. ते ठेवून सभेत मत द्यावे की विकून मोकळे व्हावे? दुसरे म्हणजे पाणी. आमच्या भागात कारखान्यांचे सांडपाणी आणि नदीतील मेलेले मासे हा दर उन्हाळ्याचा विषय आहे. कंपनी पाण्याचे काय करते, हे घरबसल्या कसे तपासावे?

गोदाकाठ

पाण्याविषयी लिहितो, कारण छत्रपती संभाजीनगरमध्ये औद्योगिक पाणीपुरवठ्याशी माझा कामानिमित्त संबंध येतो. येथील औद्योगिक वसाहती आणि शहर दोन्ही जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. त्या कारखान्यांच्या यंत्रांत किंवा मागणीत काहीही दोष नव्हता. धरण कोरडे पडले तर प्यायच्या पाण्याला अग्रक्रम मिळणार, ही गोष्ट त्यांच्या समभागांच्या किमतीत कोणी किती धरली होती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पर्यावरण म्हणजे सद्भावनेचा विषय आणि परतावा म्हणजे हिशेबाचा विषय, अशी विभागणी निदान मराठवाड्यात टिकत नाही.

तपासण्यासाठी बीआरएसआरचे सहावे तत्त्व उघडा. नदी-धरणाचे पाणी, भूजल, बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेले पाणी, असा स्रोतानुसार तक्ता किलोलिटरमध्ये दिलेला असतो आणि खाली उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती पाणी लागले हे गुणोत्तर असते. या गुणोत्तरावर एकट्यावर विसंबू नका. मालाची किंमत वाढली तरी ते आपोआप सुधारते, पाणी मात्र तेवढेच लागलेले असते. उत्पादनाच्या प्रति टनामागे किती पाणी लागले हे कुठे दिले आहे का, ते शोधा. बाहेरच्या पुरवठादाराचा आकडा फुगलेला असेल तर ते पाणी औद्योगिक महामंडळाचे आहे की टँकरचे, हे विचारले पाहिजे. सर्वांत महत्त्वाची माहिती, म्हणजे पाणीटंचाईच्या प्रदेशातील प्रत्येक कारखान्याने किती पाणी घेतले, ती ऐच्छिक भागात येते. अनेक कंपन्या तेथे काहीच लिहीत नाहीत. कंपनीचे संपूर्ण देशाचे सरासरी चित्र उत्तम असू शकते आणि तिचा सर्वांत नफ्याचा कारखाना कोरड्या पडलेल्या तालुक्यात असू शकतो. हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याजोगा आहे.

सांडपाण्याबाबत कंपनीच्या शब्दापेक्षा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा आणि राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश अधिक बोलके असतात. त्याच सहाव्या तत्त्वाखाली कायद्याचे पालन न झाल्याच्या प्रकरणांचा तक्ता असतो. तो रिकामा असेल आणि स्थानिक वर्तमानपत्रांत कारखान्याला बंदची नोटीस मिळाल्याची बातमी असेल, तर अहवाल लिहिणाऱ्यांचे बाकीचे आकडेही त्याच नजरेने वाचावेत.

सभावृत्त

तंबाखूच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. हा प्रश्न आपल्या उच्च न्यायालयातही गेलेला आहे; सरकारी विमा कंपन्यांनी सिगारेट कंपनीत पैसा ठेवावा का, यावर २०१७ मध्ये मुंबईत जनहित याचिका दाखल झाली होती. चक्रवाढ यांनी सांगितलेल्या नॉर्वेच्या निधीने तंबाखू उत्पादक कंपन्या नियमानेच वगळल्या आहेत.

माझी धारणा अशी की विकणे आणि मत देणे यांची कामे वेगळी आहेत. जिथे दोष कंपनीच्या वागण्यात आहे, म्हणजे मोबदला, संबंधित पक्षांशी व्यवहार, सुरक्षितता, पाणी, तिथे समभाग ठेवून प्रश्न विचारल्याने, विरोधी मत दिल्याने काही बदल होऊ शकतो. जिथे मुख्य मालच आपल्याला अमान्य आहे, तिथे मतदानाने सिगारेट कंपनी सिगारेट बनवणे थांबवणार नाही, आणि तिचा लाभांश घेताना आपल्याला खटकत असेल तर विकणेच प्रामाणिकपणाचे होईल. मात्र आपण विकल्याने कंपनीचे भांडवल कमी होत नाही, समभाग फक्त दुसऱ्याच्या नावावर जातात, ही जाणीव ठेवून विकावे. करही पाहावा. वारसाहक्काने आलेल्या समभागांना मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्यांचा धारणाकाळ लागू होतो. सूचीबद्ध समभागांच्या दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाख रुपयांच्या वरच्या रकमेला १२.५ टक्के कर आहे, तेव्हा विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागल्यास सवलतीचा लाभ दोनदा मिळतो. सासऱ्यांनी ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेले समभाग असतील तर नफा मोजताना त्या दिवसाच्या बाजारभावाचाही विचार होतो. हा हिशेब सनदी लेखापालाकडून करून घ्यावा.

आता प्रत्यक्ष मतदानाविषयी. आपल्याकडे बहुतेक सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम येतात, कारण मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावी लागते. सूचना किमान २१ दिवस आधी येते. दूरस्थ ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता बंद होते. ही वेळ चुकली तर सभेत ऑनलाइन हजर राहून तेव्हा मत देता येते, पण एकदा दिलेले मत बदलता येत नाही. संयुक्त खाते असेल तर पहिल्या नावाच्या धारकाचे मत धरले जाते. यजमानांच्या डीमॅट खात्यात त्यांचा चालू ई-मेल आणि मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे का, हे आधी पाहावे. वारसाहक्काने हस्तांतर झालेल्या खात्यांत तो जुनाच राहून गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्यामुळे सूचनाच पोहोचत नाहीत.

सूचनेतील सगळे ठराव सारख्याच बारकाईने वाचण्याची गरज नाही. हिशेब स्वीकारणे आणि लाभांश जाहीर करणे हे ठराव लवकर आटोपतात, फक्त लेखापरीक्षकाच्या अहवालात काही आक्षेप नाही ना, एवढे पाहावे. वेळ द्यायचा तो संचालकांच्या नियुक्तीला, मोबदल्याला आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांना. ठरावाखाली जे स्पष्टीकरणात्मक निवेदन असते त्यात संचालकाने मागील वर्षी किती सभांना हजेरी लावली आणि तो आणखी किती कंपन्यांवर आहे, हे दिलेले असते. ७५ वर्षांवरील बिगर-कार्यकारी (रोजच्या कारभारात नसलेल्या) संचालकासाठी विशेष ठराव लागतो; त्याचे कारण म्हणून नुसता 'समृद्ध अनुभव' लिहिलेला असेल तर मी विरोधात मत देतो. प्रवर्तकाच्या खासगी कंपनीला ब्रँडच्या वापरासाठी रक्कम द्यायची असेल, तर तो ब्रँड उभा करण्याचा जाहिरातखर्च आजवर कोणी केला, हा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा तो सूचीबद्ध कंपनीनेच, म्हणजे आपणच केलेला असतो.

पूर्वी सभेत बोलायचे तर मुंबईला बिर्ला मातोश्री सभागारापर्यंत जावे लागत असे. २०२० पासून बऱ्याच कंपन्या दृकश्राव्य माध्यमातून सभा घेतात, त्यामुळे सांगलीहून किंवा शिरोलीहूनही बोलता येते. त्यासाठी वक्ता म्हणून आधी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत सूचनेच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात दिलेली असते. प्रश्न लेखी पाठवावा, तो अहवालातील पान क्रमांक देऊन विचारावा आणि एकच विचारावा. कंपनी सचिवाच्या खुर्चीत बसून सांगतो, लांबलचक भाषणाला अध्यक्ष आभार मानून पुढे जातात, पण 'पृष्ठ अमुकवर सूक्ष्म व लघु उद्योगांची एक वर्षाहून जुनी देणी एवढी दिसतात, ती का?' या प्रश्नासाठी आम्हाला वित्त विभागाकडून उत्तर मागवावेच लागत असे.

चक्रवाढ यांच्या सल्ल्याप्रमाणे मुख्य पैसा इंडेक्स फंडात राहू द्यावा, हे मलाही पटते. स्वतःच्या निवडीच्या कंपन्या तेवढ्याच ठेवाव्यात, जेवढ्यांच्या सूचना ऑगस्ट-सप्टेंबरच्या गर्दीत, महाविद्यालय सांभाळून, आपल्याला वाचून होतील. आमच्या घरी सौभाग्यवती आणि मी मिळून दहा कंपन्या पाहतो, आणि नवी कंपनी घ्यायची तर जुनी एक काढतो. ओतकाम यांनी सांगितलेला देण्यांच्या दिवसांचा हिशेब मात्र या वर्षीपासून आमच्या वहीत नवा रकाना म्हणून घालतो आहे.